निळी रेघ कुठे गेली?

(जुन्या शहरातल्या तरुणांच्या रविवारच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याची भाषा तशीच ठेवली आहे.)



भावांनो आणि बहिणींनो, मला आयोजकांनी सांगितलं, तू आयटीमधला आहेस, डिजिटायझेशनवर बोल. म्हणजे कागद कसे स्कॅन करायचे, कुठे ठेवायचे वगैरे. मी त्यावरच बोलणार आहे. पण मी स्वतः एक नकाशा स्कॅन केला आणि त्यातून काय वाटोळं झालं, ते आधी सांगणार आहे. बाकीचं त्यातूनच निघेल.

तुमच्यापैकी बरेच जण २०२५ मध्ये उम्मीद पोर्टलच्या धावपळीत होते, मला माहीत आहे. ६ जूनला पोर्टल सुरू झालं, सहा महिन्यांची मुदत. मस्जिद, दर्गा, कब्रस्तान, प्रत्येक ठिकाणचे मुतवल्ली आणि कमिटीवाले कागद शोधत होते आणि ज्याला लॅपटॉप येतो तो पोरगा रात्री बारापर्यंत अपलोड करत बसला होता. आमच्या मोहल्ल्यातही तेच. कपाट उघडलं. मुंतखब निघाला, गॅझेटची झेरॉक्स निघाली, सिटी सर्व्हेचा उतारा, जुना खासरा पहाणीचा कागद, वीस वर्षांची लाइट बिलं. इमारतीचा नकाशा मात्र नव्हता. मग कुणाला तरी आठवलं की याच्या नानांनी मस्जिदीचा नकाशा काढला होता आणि त्याचा स्कॅन याच्याकडे आहे. मला पुण्याला फोन आला. मी ड्राइव्हची लिंक पाठवली. एवढंच.

आठ दिवसांनी तीच इमेज माझ्याच व्हॉट्सॲपवर फिरून आली. तिच्यावर लाल गोल केलेला, खाली लिहिलेलं : आपल्या मस्जिदीचा मिनार होता, तो कुणी पाडला?

नकाशात खरंच मिनार आहे. ईशान्येच्या कोपऱ्यात, पायापासून कळसापर्यंत काढलेला. जागेवर मिनार नाही. माझ्या आईने कधी पाहिला नाही, मोहल्ल्यातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसानेही नाही. मग पोरांनी सरळ हिशेब केला. नकाशात आहे, जमिनीवर नाही, म्हणजे पाडला. कधी पाडला? नकाशावर १३५६ लिहिलंय. हिजरी १३५६ म्हणजे १९३७. म्हणजे १९३७ला होता, नंतर गेला. मग १९४८ आलंच. आणि १९४८ म्हटलं की मराठवाड्यातल्या आपल्या घरांमध्ये काय काय आठवतं, ते मी तुम्हाला सांगायला नको.

मलाही राग आला. खोटं कशाला बोलू, मीही तो मेसेज दोन ग्रुपवर टाकला.

नंतर पुण्याहून गाडी चालवत येताना डोक्यात एक साधी गोष्ट आली. माझे नाना १९२५चे. १९३७ साली ते बारा वर्षांचे होते. बारा वर्षांचा पोरगा असला नकाशा काढेल?

आमच्या मोहल्ल्यात एक निवृत्त उर्दू शिक्षक राहतात. मी मराठी माध्यमातला. कुरआन वाचता येतं, पण ते जेर-जबर लावलेलं, छापलेलं. हाताने घसटून लिहिलेली उर्दू मला येत नाही. तुमच्यातल्या बहुतेकांचं तेच आहे, हात वर करायला लावत नाही. मास्तरांनी चष्मा पुसला, फोनवरची इमेज मोठी केली आणि दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, साल हिजरी नाही, फसली आहे. साल लिहिलंय त्याच्याजवळ बारीक अक्षरात तसं लिहिलंही होतं, आम्हाला ते अक्षरांसारखं दिसलंच नव्हतं. निजामाच्या राज्यात सरकारी कामकाज फसली सनात चालायचं. त्यात ५९० मिळवा की इसवी सन येतं. म्हणजे १३५६ फसली, म्हणजे १९४६-४७. नाना एकवीस-बावीस वर्षांचे, तामीरात खात्यात नुकते उमेदवारीवर लागलेले नक्शानवीस. हिशेब जुळला.

दुसरी गोष्ट मिनाराच्या बाजूला लिहिलेल्या एका शब्दाची. मास्तर म्हणाले, “ये लफ्ज पढो. मुजव्वजा.” मी म्हटलं, म्हणजे? “प्रस्तावित,” ते मराठीत म्हणाले. “बनाने का था. बना नहीं.”

मिनार पाडला नव्हता. तो कधी बांधलाच नव्हता. एका तरुण ड्राफ्ट्समनने आपल्या मोहल्ल्यातल्या मस्जिदीची मोजणी केली आणि जाता जाता, इथे एक मिनार असावा असं स्वतःला वाटलं म्हणून किंवा कमिटीने सांगितलं म्हणून, तो काढून ठेवला. पुढच्याच वर्षी काळ असा आला की मिनाराचा विचार करायला कुणाला सवड नव्हती.

मी ग्रुपवर दुरुस्ती टाकली. पहिला मेसेज किती जणांनी पुढे पाठवला ते मला माहीत नाही. दुरुस्तीला चार अंगठे आले.

इमारतीचा नकाशा हा फोटोसारखा पुरावा नसतो. त्यात असलेलं, नसलेलं, होणारं आणि फक्त मनात आलेलं, सगळं एकाच शाईने काढलेलं असतं. कुठली रेघ कशासाठी, हे सांगणारा एखादा शब्द असतो, एखादा रंग असतो, रेघ सलग आहे की तुटक एवढाच फरक असतो. आपण इंजिनिअरिंगला हे शिकलो, पहिल्याच वर्षी. पण ते आपल्या पद्धतीचं, आपल्या लिपीतलं. नानांचा नकाशा त्याच शहरातला, पण वेगळ्या सरकारचा, वेगळ्या लिपीतला, वेगळ्या कॅलेंडरचा. मधे फक्त सत्तर-ऐंशी वर्षं गेली आणि त्याच्या सख्ख्या नातवाला तो वाचता येईना.

आता थोडं शहराबद्दल बोलतो, कारण हे आमच्या एका मस्जिदीपुरतं नाही.

बीबी का मकबरा तुम्ही शंभर वेळा पाहिला असेल. मुख्य प्रवेशद्वाराच्या दारावरचा लेख किती जणांनी पाहिलाय? त्यात दोन नावं आहेत. अताउल्ला, ज्याने आराखडा केला आणि हंसपत राय, ज्याने बांधकाम उभं केलं. अताउल्ला हा ताजमहालाशी ज्यांचं नाव जोडलं जातं त्या उस्ताद अहमद लाहौरींचा मुलगा. बांधकामाचा खर्चही नोंदलेला आहे, गुलाम मुस्तफाच्या तवारीखनाम्यात : ६,६८,२०३ रुपये ७ आणे. सात आणे! इतका बारीक हिशेब ठेवणाऱ्यांनी नकाशे काढले नसतील का? काढलेच असणार. पण मुघल इमारतींचे मूळ नकाशे जवळपास उरलेलेच नाहीत. ताजमहालाचाही नाही. एबा कोख नावाच्या अभ्यासक बाई आणि त्यांचे आर्किटेक्ट सहकारी रिचर्ड बॅरॉड यांनी ताजचा कोपरा न् कोपरा मोजला आणि उलट्या बाजूने शोधून काढलं की सगळं गजाच्या मापात बसतं, एक गज साधारण ८०.५ सेंटिमीटर. म्हणजे नकाशा नाही, तर इमारतीलाच विचारायचं. पण त्यासाठी इमारत मोजावी लागते आणि मोजताना मीटर बाजूला ठेवून त्या काळचं माप डोक्यात ठेवावं लागतं.

आणि कागद? आपल्या शहरात कागद होते. किले-अर्कमध्ये मुघल दफ्तर पडून होतं. ते १९१६ साली हैदराबादला नेलं गेलं. आज ते तेलंगणाच्या राज्य पुराभिलेखागारात आहे, दीड लाखाच्या घरात कागद. मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं, बस, तिथे आपल्या शहराचे नकाशे असणार. जाणकारांनी हसून सांगितलं, तिथे बहुतेक मनसबदारांचे हिशेब, जहागिरी आणि घोड्यांची वर्णनं आहेत. घोड्याचा रंग, डाग, शिपायाच्या चेहऱ्यावरचा तीळ. कारण सरकारला पगार द्यायचा होता आणि खोटा घोडा दाखवून कुणी पैसे खाऊ नयेत हे पाहायचं होतं. कुठलंही दफ्तर हे ठेवणाऱ्याच्या गरजेने भरतं, आपल्या कुतूहलाने नाही. इमारतीबद्दल हवं असेल तर ते तिरकं वाचावं लागतं.

शोधायचं कुठल्या नावाने, हाही प्रश्न आहेच. मलिक अंबरने १६१०ला वसवलं तेव्हा खडकी. मग त्याच्या मुलाच्या नावाने फतेहनगर. मग औरंगाबाद. मुघल कागदात, नाण्यांवर खुजिस्ता बुनियाद. आता छत्रपती संभाजीनगर. नावावरून आपल्याकडे किती तापतं ते सोडा. सर्च बॉक्सला राग येत नाही, पण अक्कलही नाही. त्यात एकच नाव टाकलंत तर बाकीच्या चार नावांखालचे कागद तुमच्यासाठी नाहीतच. पाचही टाका.

बर्जेस साहेबाचा १८७८चा अहवाल आहे, बीदर आणि औरंगाबाद जिल्ह्यातल्या पुरातन वास्तूंवरचा. लेण्यांचे आराखडे त्यात बघण्यासारखे आहेत, मापं आहेत, खांबांची नक्षी आहे. मीही त्यातूनच बरंच शिकलो. पण तो पाहणाऱ्याने काय पाहायचं ठरवलं त्याचा नकाशा आहे. आपल्या गल्लीतला हौज आणि खापराचा नळ बघायला कुणी साहेब येणार नव्हता. तो आपल्यातल्याच कुणाला तरी काढावा लागणार होता. आमच्या नानांनी काढला.

आणि मी तो घालवला. आता ते सांगतो.

नकाशा साधारण दोन फूट बाय तीन फूट, ट्रेसिंग क्लॉथवर. तुम्ही बहुधा पाहिलं नसेल. बारीक सुती कापड, त्याला खळ देऊन, घोटून जवळजवळ पारदर्शक केलेलं असतं. प्लॅस्टिकच्या आधीच्या काळात टिकाऊ नकाशे त्यावर काढायचे. शाई कापडात मुरत नाही, खळीच्या थरावर बसते. लहानपणी नाना तो पत्र्याच्या पेटीतून काढायचे आणि चटईवर पसरून चारी कोपऱ्यांवर वाट्या ठेवायचे. काळ्या शाईच्या भिंती, विटकामाला फिका लाल रंग. माझं बोट धरून फिरवायचे. हा मेहराब, हा सहन, हा हौज, ह्या दोन हुजऱ्या. आणि मग, हे मला आठवतं, मला आठवतं असं वाटतं, माझं बोट हौजापासून एका तुटक फिक्या निळ्या रेघेवरून फिरवत ते म्हणायचे, “ये पानी का रस्ता.”

२००९ला नाना गेले. २०१४ला खालाने घर बदललं. मी पुण्याहून दोन दिवसांसाठी आलो होतो. पेटी उघडी होती. मी फोन काढला, स्कॅनिंगचं ॲप उघडलं आणि नकाशाचा फोटो घेतला. ॲपने कडा आपोआप कापल्या, तिरका होता तो सरळ केला आणि डॉक्युमेंट मोड लावून छान काळा-पांढरा करून दिला. ८०० केबीची फाइल. मला फार बरं वाटलं. खालाला म्हणालो, हे झालं आता, आता ह्याची गरज नाही.

त्या एका स्कॅनमध्ये मी काय काय घालवलं, ऐका. खालच्या कडेला स्केलची पट्टी होती, ती कापली गेली. ॲपने सरळ करताना एक बाजू ताणली. त्यामुळे पुढे जेव्हा आम्ही किब्ल्याची भिंत टेपने मोजून त्यावरून स्केल काढलं, तेव्हा उत्तरेची कमान दीड फुटाने चुकीची निघाली. दोन आठवडे मी म्हणत होतो, नाना उमेदवार होते, चुकले असतील. नाना नव्हते चुकले. माझा फोन तिरका होता. आणि काळा-पांढरा करताना ॲप काय करतं? एक ठरावीक पातळी धरतं. तिच्यापेक्षा गडद ते काळं, तिच्यापेक्षा फिकं ते पांढरं. विटकामाचा फिका लाल गेला, फिका निळा तर सगळ्यात आधी गेला. छापखान्याच्या जुन्या लोकांना हे माहीत असायचं. ते खुणा करायला मुद्दाम फिकी निळी पेन्सिल वापरायचे, कारण कॅमेऱ्यात ती उमटत नसे.

आता २०१९. मस्जिदीत वजूखान्याचं नवं बांधकाम निघालं. हौज आधीच कोरडा होता, त्यावर फरशी पडली होती. चार फुटांवर खोदताना खापराचा नळ लागला, फुटला. आतली माती ओली होती. कमिटीच्या एका चाचांनी मला फोन केला, “बेटा, तेरे पास नक्शा है ना, उसमें पाइप वगैरा है क्या?” मी ऑफिसमध्ये होतो. मोबाइलवर फाइल उघडली, झूम केलं, उत्तरेकडे पाहिलं, पूर्वेकडे पाहिलं. काहीच नव्हतं. मनात नानांचं ते बोट आलं, पण म्हटलं, लहानपणचं आहे, हौजाबद्दल काही बोलले असतील. चाचांना सांगितलं, “नहीं चाचा, नक्शे में कुछ नहीं है.”

त्यांनी काँक्रीट टाकलं.

तुम्हाला नहर-ए-अंबरी माहीत आहे, निदान नावाने. मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला डोंगराच्या बाजूने जमिनीखालून पाणी आणलं. पंप नाही, वीज नाही, फक्त उतार. खापराचे नळ, मधे मधे हवा सुटायला आणि दाब सांभाळायला उंच बंबे. पाणचक्कीवर पडणारं पाणी अशाच एका नहरीचं. मुख्य नहरींचा माग अभ्यासकांनी काढलेला आहे. पण त्यांच्यापासून गल्लीबोळात, मस्जिदीत, हवेलीत गेलेल्या शेकडो बारक्या फांद्या आहेत. जायकवाडीचं पाणी नळाला आलं आणि लोक त्या फांद्या विसरले. पाणी विसरलं नाही. पावसाळ्यात त्यातल्या कितीतरी अजून पाझरतात.

२०२१च्या पावसात आमच्या मस्जिदीच्या उत्तरेच्या जुन्या भिंतीला जमिनीपासून तीन फुटांपर्यंत ओल चढली. गिलावा फुगला. पुढच्या वर्षी पडला. त्याच्या पुढच्या वर्षी हुजऱ्याच्या कमानीला तडा गेला. दोन कंत्राटदारांनी दोनदा वॉटरप्रूफिंग केलं, पैसे चंद्याचे. पाणी वरून येत नव्हतं, खालून येत होतं. काँक्रीटने त्याची वाट बंद केली होती, मग ते भिंतीत शिरलं. असं मला वाटतं. खात्री कशी देऊ?

२०२५ला मिनाराचं प्रकरण झालं तेव्हा मास्तर म्हणाले, “असल दिखाओ. फोटो में रंग नहीं है, मैं कैसे बोलूं.” मी खालाकडे गेलो. म्हटलं, खाला, नानांचा तो कपड्यावरचा नक्शा? खाला आत गेली आणि कपाटातून घडी घातलेला एक पांढरा रुमाल घेऊन आली. इतका मऊ की काय सांगू. तिने तो धुतला होता. गरम पाण्यात टाकलं की खळ निघते, खळीबरोबर शाई निघते आणि खाली उरतं ते उत्तम बारीक सुती कापड. पूर्वी कितीतरी घरांत, इथे आणि विलायतेतही, जुन्या ट्रेसिंग क्लॉथचे असेच रुमाल आणि बाळाचे कपडे व्हायचे. माझ्या चेहऱ्याकडे बघून खाला म्हणाली, “तूच बोल्या था ना, अब इसका क्या काम बोलके.”

मीच बोललो होतो.

घरी येऊन मी एक प्रयोग केला. कागदावर फिक्या निळ्या पेन्सिलीने तुटक रेघ मारली, तेच ॲप, तोच मोड. रेघ गेली. म्हणजे ती तिथे असू शकत होती. असू शकत होती, एवढंच. होती हे सिद्ध होत नाही. सात-आठ वर्षांच्या मुलाची आठवण आणि एक फुटका नळ, इतकाच पुरावा आहे.

इस्तंबूलच्या तोपकापी महालात एक गुंडाळी आहे, साडेएकोणतीस मीटर लांब, तिच्यावर ११४ भौमितिक नक्षीचे आराखडे आहेत. पाचशे वर्षांपूर्वीच्या इराण-मध्य आशियातल्या उस्तादांची कामाची वही म्हणा. गुलरू नेजिपोग्लू यांनी त्यावर मोठं पुस्तक लिहिलं, १९९५चं. त्यातली मला सगळ्यात भावलेली गोष्ट ही : त्या गुंडाळीवर शाईच्या रेघांखाली, शाई न लावता नुसत्या टोकाने ओरखडलेल्या रेघा आहेत. वर्तुळं, त्रिज्या, जाळी. नक्षी कशी बांधली याचं गुपित त्या ओरखड्यांत आहे. समोरून घेतलेल्या साध्या फोटोत त्या दिसत नाहीत. बाजूने, अगदी तिरपा प्रकाश टाकला की सावलीने उठून येतात. आता विचार करा, कुणी उत्साही नातवाने त्याचा छान काळा-पांढरा स्कॅन केला असता आणि म्हटलं असतं, झालं, आता मूळ कशाला?

नक्कल करणारा जे बघायला शिकलाय तेवढंच नकलेत उतरतं. पुढच्या माणसाला काय लागणार आहे हे आपल्याला आज माहीत नसतं. म्हणून मूळ ठेवायचं. मूळ हे स्कॅन होईपर्यंत सांभाळायची गोष्ट नाही. स्कॅन ही मूळ कमी हाताळावं म्हणून केलेली सोय आहे. हे मला बारा वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढूनही कळलं नव्हतं, आणि आम्ही रोज बॅकअपच्या गप्पा मारतो!

बॅकअपवरून आठवलं. अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला रॉबर्ट गिलने वर्षानुवर्षं लेण्यात बसून केल्या, लंडनला पाठवल्या, १८६६ला क्रिस्टल पॅलेसच्या आगीत बहुतेक जळाल्या. मग ग्रिफिथ्स आणि मुंबईच्या जे. जे. स्कूलच्या विद्यार्थ्यांनी पुन्हा केल्या, पुन्हा लंडनला गेल्या, १८८५च्या आगीत त्यातल्याही कितीतरी गेल्या. दोनदा केलं आणि दोनदा एकाच शहरात ठेवलं. तुमच्या मस्जिदीचे सगळे कागद सेक्रेटरीच्या एका पेनड्राइव्हवर असतील तर तेही तसंच आहे, फक्त आग लागायची बाकी.

आता जे कामाचं ते पटकन सांगतो. कपाटातल्या कागदाला लॅमिनेशन करू नका, हात जोडून सांगतो. गरम प्लॅस्टिक कागदात बसतं आणि परत निघत नाही. फाटलं असेल तर सेलोटेप नको, त्याचा डिंक पिवळा होऊन शाई खातो. निळ्या जमिनीवर पांढऱ्या रेघांची जुनी ब्लू प्रिंट सापडली तर तिला चुन्याच्या भिंतीपासून लांब ठेवा, अल्कली लागली की तो निळा उडतो आणि चुना म्हणजे अल्कलीच. आपल्या वडिलांच्या काळातल्या अमोनिया प्रिंट, त्या जांभळट रेघांच्या, उजेडात पुसट होत जातात. त्या आधी घ्या, त्यांना वेळ नाही. ट्रेसिंग क्लॉथला पाणी लागू देऊ नका, हे आता सांगायला नकोच. घडी घालू नका. जाड नळीवर बाहेरून गुंडाळा, वर सुती कापड.

फोटो घ्या तर रंगीत घ्या, ॲपची सगळी हुशारी बंद करून. बाजूला फूटपट्टी ठेवून, चारी कडा आणि थोडी जमीनही दिसेल असा. मागच्या बाजूचाही घ्या. मागे कुणीतरी हिशेब लिहिलेला असतो, कधी पत्ता असतो. एकदा समोरच्या उजेडात आणि एकदा दिवा बाजूला, अगदी खाली धरून. आणि फाइलच्या नावात आयएमजी चार हजार बारा नको. कुठल्या कपाटातून निघाला, कुणी दिला, कशासोबत होता, कधी फोटो काढला, हे लगेच लिहा. आम्ही कोड लिहिताना प्रत्येक बदलासोबत कुणी, कधी, का हे नोंदवतो. न नोंदवणाऱ्याला सगळे शिव्या घालतात. कागदाला शिव्या घालता येत नाहीत, तो नुसता मुका होतो.

तुमच्यात सिव्हिल आणि आर्किटेक्चरचे विद्यार्थी आहेत, त्यांना वेगळं सांगतो. तुमचे आजचे नकाशे कापडावर नाहीत, डीडब्ल्यूजी फाइलमध्ये आहेत. तो फॉरमॅट एका कंपनीचा आहे आणि दर काही वर्षांनी बदलतो. वीस वर्षांनी ती फाइल उघडेल याची हमी मी देणार नाही, आणि मी याच धंद्यातला आहे. लेअरची नावं ए, बी, सी ठेवलीत तर मुजव्वजा लिहायला विसरलात असं समजा. पीडीएफ-ए काढा, एक मोठी प्रिंट चांगल्या कागदावर काढा, प्रस्तावित आणि प्रत्यक्ष हे शब्द मराठीत, ठळक लिहा. आणि लिहिताना डोळ्यांसमोर तुमचा नातू ठेवा, तुमचे सर नकोत.

वाचायला माणसं हवीत, हे सगळ्यात अवघड. आमचे मास्तर सत्त्याहत्तर वर्षांचे आहेत. शिकस्ता उर्दू वाचणारे, जुनी मोडी वाचणारे, निजामी महसुलाचे शब्द कळणारे या शहरात अजून आहेत आणि त्यांतले बरेच रिकामे बसलेले असतात. कुणी विचारायला जात नाही. आठवड्यातून एक तास जाऊन बसलात तर चहा त्यांच्याकडूनच मिळतो, हा माझा अनुभव. मी गेले सहा महिने जातोय. अजून एक ओळ वाचायला मला दहा मिनिटं लागतात आणि त्यातही दोन शब्द चुकतात. पण मुजव्वजा आता मी कुठेही ओळखेन.

आम्ही मस्जिदीची मोजणी पुन्हा सुरू केली आहे. दोन पोरं पॉलिटेक्निकची, एक मुलगी आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाची, ती आमच्यात सगळ्यात कडक आहे, अर्ध्या इंचासाठी पुन्हा मोजायला लावते. नवा नकाशा होतोय. हौजापासून उत्तरेच्या भिंतीपर्यंत मी एक फिकी निळी तुटक रेघ काढली होती. तिने विचारलं, हे तुम्ही कशावरून काढलंत? मी सांगितलं. ती म्हणाली, मग असं काढता येणार नाही. बराच वाद झाला. शेवटी रेघ राहिली, पण तिच्यावर तिने स्वतः लिहिलं, मराठीत आणि मास्तरांना विचारून उर्दूत : आठवणीवरून, फुटलेला नळ २०१९ला दिसला ती जागा बाणाने दाखवली आहे, बाकी मार्ग तपासलेला नाही.

तपासायचा आहे. कमिटीने हुजऱ्याच्या बाजूला दोन फूट बाय दोन फूट फरशी काढायला परवानगी दिली आहे, एकाच ठिकाणी. जागा चुकली तर दुसरी मिळणार नाही, म्हणून आधी बाकीचं मोजून घेतोय.

पुढच्या रविवारी, असरच्या नमाजनंतर. टेप माझ्याकडे दोन आहेत, एक पन्नास फुटी आणि एक तीस मीटरची. उर्दू वाचणारं कुणी घरात असेल तर त्यांना घेऊन या. रुमाल मी आणणार आहे. मास्तरांना तो एकदा उजेडात धरून बघायचा आहे.